कोणी पाडलं?

मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या, ट्रॅकवर वळणाच्या बाहेरच्या अंगाला रंगवलेली कर्ब असते आणि कर्बच्या पलीकडे हिरवा पट्टा. शेवटच्या फेरीत, कोणाशी चुरस चालू असताना चाक त्या हिरव्यावर गेलं की एक क्रमांक खाली. किती गेलं, कशामुळे गेलं, त्यातून काही फायदा झाला का, हे कोणी विचारत नाही. 30 मे 2021 ला इटलीतल्या मुजेल्लोला फाबियो क्वार्तारारो जिंकला, मिगेल ओलिव्हेरा दुसरा आला आणि जोआन मीर तिसरा. थोड्या वेळानं जाहीर झालं, की ओलिव्हेराचं चाक हिरव्यावर गेलं होतं. सबब तो तिसरा, मीर दुसरा. मग लक्षात आलं, की मीरचंही चाक गेलं होतं. तोही एक क्रमांक खाली. म्हणजे ओलिव्हेरा पुन्हा दुसरा आणि मीर पुन्हा तिसरा. एवढा उपद्व्याप होऊन सगळे होते तिथेच.

महाराष्ट्रात ते दुसऱ्या लाटेचे दिवस होते. घराबाहेर पडायचं नाही, फोन वाजला की पोटात गोळा यायचा. त्या रात्री मात्र आमच्या टोळक्याचा फोन बराच वेळ चालला. विषय हिरवा रंग. एक जण म्हणाला, सेन्सर बसवलेत तर सेन्सरचं ऐकायचं. दुसऱ्याचं म्हणणं, दोघांनी गुन्हा केला आणि शिक्षा कोणालाच झाली नाही, हा कुठला न्याय? माझा भाचा तेव्हा इंजिनीअरिंगला होता. त्यानं दोघांचाही मुद्दा खोडून तिसराच काढला.

त्याच दिवशी, मुख्य शर्यतीच्या काही वेळ आधी, जेसन ड्युपास्किए गेला होता. स्वित्झर्लंडचा, वय 19. आदल्या दिवशी मोटो-थ्री या खालच्या वर्गाच्या पात्रता फेरीत तो पडला आणि मागून येणाऱ्या गाड्यांना त्याला चुकवता आलं नाही. रविवारी फ्लॉरेन्सच्या हॉस्पिटलातून बातमी आली. स्वार ओळीत उभे राहिले, एक मिनिट शांतता पाळली आणि शर्यत सुरू झाली. पहिल्या नंबरवर असलेला पेको बान्याया दुसऱ्याच फेरीत पडला. ही शर्यत व्हायलाच नको होती, असं त्यानं नंतर बोलून दाखवलं.

आम्ही ड्युपास्किएबद्दल किती बोललो? सुरुवातीला थोडं. मग हिरव्या रंगावर आलो आणि तिथून हललो नाही. याला कोणी निर्दयपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. हिरव्या रंगाच्या प्रश्नाला उत्तर होतं, किमान असायला हवं होतं. मुलाच्या मरणात ज्याच्याकडे बोट दाखवावं असं कोणी नव्हतं. आम्हा शर्यतवेड्यांना वाद घालायला एक आरोपी लागतो. आरोपी नसला की आमची वाचा बसते.

पडणं हा या खेळाचा अपवाद नव्हे, रोजचा व्यवहार आहे. साठ अंशांहून जास्त कललेली गाडी, स्वाराचं कोपर डांबराला घासतंय, आणि हा सगळा डोलारा दोन टायरांच्या जेमतेम तळहाताएवढ्या रबरावर उभा. पुढचं चाक सुटलं तर गाडी अलगद आडवी होऊन घसरत जाते, तो लो-साइड. स्वार बहुतेकदा उठून धूळ झटकतो. मागचं चाक घसरता घसरता एकाएकी पकड घेतं, तेव्हा गाडी उसळते आणि स्वाराला आभाळात भिरकावते, तो हाय-साइड. 2018 पासून सुटात एअरबॅग सक्तीची झाली, ती मुख्यतः याच्यासाठी. ट्रॅकच्या कडेला खडी, त्यामागे हवेचे गादीवजा अडथळे. एकटा पडणारा स्वार हल्ली खूप काही सोसून निघतो. सोसत नाही ती दुसरी गाडी.

नाना पेठेत आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले अण्णा आहेत. टीव्हीवरची शर्यत ते बघतात, पण त्यांचं लक्ष स्वारांपेक्षा लिव्हरकडे जास्त. एकदा मी विचारलं, की मोटोजीपीच्या गाडीला उजव्या हँडलच्या टोकाला ती वाकडी पट्टी कशाला असते? अण्णांनी स्टँडवरच्या एका गाडीचं पुढचं चाक हातानं गरकन फिरवलं आणि करंगळीनं ब्रेकची लिव्हर चेपली. चाक जागच्या जागी थांबलं. “बघा साहेब, करंगळी. तिथं शेजारच्याचं हँडल लागतं. तीनशेच्या स्पीडला.” 2006 मध्ये बार्सिलोनाला पहिल्याच वळणाआधी असंच झालं होतं. सेते जिबेर्नाऊची लिव्हर कापिरोसीच्या गाडीला लागली, पुढचं चाक जाम झालं आणि जिबेर्नाऊ गाडीसकट कोलांट्या खात गेला. कापिरोसीला तर आगाऊ कल्पनाही नसणार. ती वाकडी पट्टी म्हणजे लिव्हर गार्ड. आता सक्तीची आहे. शेजारच्याच्या हँडलपासून ती वाचवते. वरून आलेल्या पायापासून वाचवते का, हा प्रश्न 25 ऑक्टोबर 2015 पर्यंत कोणाला पडला नव्हता.

त्या रविवारी आपल्याकडे भर दुपार होती आणि जेवणाची ताटं वाढलेली. मलेशियातलं सेपांग, सातवी फेरी, चौदावं वळण. व्हॅलेंटिनो रॉसी, वय 36, दहाव्या जगज्जेतेपदापासून दोन शर्यती दूर, विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी लोरेन्झो याच्यापेक्षा अकरा गुणांनी पुढे. त्याच्या बाहेरच्या अंगाला मार्क मार्केझ, ज्याचं विजेतेपद कधीच हातचं गेलं होतं. तीन दिवस आधी रॉसीनं भर पत्रकार परिषदेत आरोप केला होता, की ऑस्ट्रेलियात मार्केझ माझ्याशी मुद्दाम झोंबत राहिला आणि त्याचा फायदा लोरेन्झोला करून दिला. पुरावा म्हणून त्यानं फेऱ्यांच्या वेळांचा कागद दाखवला. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातली ती शर्यत शेवटच्या फेरीत लोरेन्झोला मागे टाकून मार्केझनंच जिंकली होती. तरी रॉसीच्या चाहत्यांना तो कागद पटला. मलाही बराचसा पटला होता.

सेपांगला मार्केझ पुन्हा आडवा आला. फेरीमागून फेरी दोघं एकमेकांना ओलांडत होते, पुढे पेद्रोसा आणि लोरेन्झो निघून चालले होते. चौदाव्या वळणावर रॉसीनं आपली रेषा सोडली. गाडी सावकाश बाहेर नेत नेत, एकदा मान वळवून मार्केझकडे पाहत, त्यानं त्याला ट्रॅकच्या काठाला नेलं. मार्केझ आत कलला, दोघं भिडले, रॉसीचा पाय पेगवरून बाहेर आला, मार्केझ पडला.

लाथ की निसटलेला पाय? आमच्या घरात हा वाद त्या दुपारी सुरू झाला. भाचा तेव्हा शाळेत होता, मार्केझचं लाल-काळं 93 त्याच्या दप्तरावर चिकटवलेलं. माझी रॉसीची पिवळी टोपी खुंटीला. “मामा, बघ ना, पाय बाहेर काढलाय!” “अरे, त्याच्या हँडलचा धक्का लागून निसटलाय!” तेच दृश्य मागे-पुढे करून आम्ही इतकं पाहिलं, की त्यात आपल्याला हवं तेच दिसायला लागलं. कुस्तीच्या फडात पाठ टेकली की नाही यावरून जसे दोन तालमींचे लोक एकाच क्षणाच्या दोन गोष्टी शपथेवर सांगतात, तसं. होंडानं सांगितलं, की त्यांच्या डेटात ब्रेकच्या लिव्हरवर आघात दिसतो. रॉसी म्हणाला, लाथ मारलीच नाही.

शर्यतीवर देखरेख करणाऱ्या रेस डायरेक्शननं पायाचा वाद बाजूला ठेवला, आणि मला वाटतं तेच त्यांनी शहाणपणाचं केलं. त्यांचा निर्णय असा: रॉसीनं मुद्दाम रेषा सोडून दुसऱ्याला बाहेर ढकललं, त्यातून स्पर्श झाला, तीन पेनल्टी पॉइंट. त्याच्या खात्यावर मिसानोचा एक आधीच होता, पात्रता फेरीत लोरेन्झोच्या वाटेत रेंगाळल्याचा. तीन आणि एक चार, आणि चार झाले की पुढच्या शर्यतीत सर्वांत मागून सुरुवात. ती पुढची शर्यत म्हणजे व्हॅलेन्सिया, मोसमातली शेवटची. रॉसी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेला. स्थगिती मिळाली नाही. शेवटच्या रांगेतून निघून तो चौथा आला. लोरेन्झो जिंकला, मार्केझ शेवटपर्यंत त्याच्या मागे राहिला आणि ओलांडायचा म्हणावा असा प्रयत्न त्यानं केला नाही. लोरेन्झो 330, रॉसी 325.

मिसानोचा तो एक गुण नसता, तर तीन गुणांनी रॉसीची जागा हलली नसती. पिवळ्या टोपीवाल्यांचा सगळा त्रागा या एका गुणाभोवती आहे. शिक्षा सेपांगच्या कृत्याची झाली की हिशेबाच्या वहीची? ती पेनल्टी पॉइंटची पद्धत 2013 ला आली आणि 2017 पासून बंद झाली. रॉसीच्या कारकिर्दीचा दहावा मुकुट त्या चार वर्षांच्या खिडकीतच सापडला.

आणि तरीही, पिवळी टोपी खुंटीला असूनही सांगतो, की शिक्षा योग्य होती. मार्केझ त्या दिवशी जे करत होता ते चिडवणं होतं, खोडी होती, कदाचित त्याहून वाईट काही होतं. पण दुसऱ्याला न ओलांडणं, त्याच्याशी गरजेपेक्षा जास्त झुंजणं याला नियमपुस्तकात कलम नाही, असूही शकत नाही. मनातलं वैर मोजायला सेन्सर कुठून आणणार? रॉसीनं मात्र रेषा सोडली, आणि ती सोडताना मागे वळून पाहिलं. ते पाहणं मला आजही टोचतं.

नियमाचा शब्द आणि नियमाचा हेतू यांची फारकत कशी होते, याचा मासला 2023 ला पोर्तुगालमध्ये पाहायला मिळाला. मार्च महिना, पोर्तिमाओ, मोसमातली पहिलीच शर्यत. मार्केझला ब्रेक आवरले नाहीत. तो आधी होर्खे मार्तिनला घासून पुढे ओलिव्हेरावर आदळला, तेही ओलिव्हेराच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. मार्केझनं चूक लगेच कबूल केली. शिक्षा झाली दोन लाँग लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या बाहेर आखलेल्या लांबच्या वळशातून दोनदा जायचं. लेखी आदेशात लिहिलं, ही शिक्षा अर्जेंटिनाच्या शर्यतीत भोगावी. पण मार्केझचा हात मोडला होता. तो अर्जेंटिनाला गेलाच नाही. मग स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, आदेश सुधारला: ज्या शर्यतीत तो परत येईल तिथे. होंडानं अपील केलं, की एकदा दिलेली शिक्षा मागाहून बदलता कशी येते? प्रकरण अपील कोर्टात गेलं आणि कोर्टानं शिक्षा रद्दच केली. मे महिन्यात ले मान्सला मार्केझ परतला तो पाटी कोरी घेऊन. ज्याला धडक बसली तो ओलिव्हेराही जखमी होऊन अर्जेंटिनाला मुकला होता. त्याला कोणत्या कोर्टानं काय परत दिलं?

भाच्यानं तेव्हा कोर्टाची बाजू घेतली आणि कायद्याच्या भाषेत घेतली. मी हेतूची बाजू घेतली. आठ वर्षांपूर्वी बरोबर उलटं होतं: तेव्हा तो म्हणत होता पाय बघ, आणि मी म्हणत होतो नियम दाखव. दोघांनाही हे समजत होतं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

टायरच्या हवेच्या नियमाबद्दल थोडक्यात सांगून सोडतो, कारण त्यावर बोलू लागलो की माझा आवाज चढतो. पुढच्या टायरमध्ये किमान 1.80 बार हवा पाहिजे, शर्यतीच्या किमान साठ टक्के फेऱ्यांत. नसेल तर सोळा सेकंदांची शिक्षा. कारण सुरक्षेचं आहे आणि ते खोटं नाही. पण हवा स्वाराच्या हातात नसते. तो कोणाच्या मागे चिकटून राहिला तर टायर तापून दाब वाढतो, मोकळ्या हवेत पुढे निघाला तर उतरतो. म्हणजे तो पुढे असेल की मागे, याचा अंदाज टीमनं सुरुवातीआधीच बांधायचा. 2025 ला थायलंडमध्ये आघाडीवरच्या मार्केझनं धाकट्या भावाला, अॅलेक्सला, खुशाल पुढे जाऊ दिलं, त्याच्या मागे बसून टायर तापवलं आणि मग ओलांडून शर्यत जिंकली. हे चातुर्य आहे, वादच नाही. पण पुढच्याच महिन्यात कतारला मावेरिक विन्यालेस केटीएमवर झकास चालवून, काही काळ आघाडी घेऊन, दुसरा आला. सोळा सेकंद लागले आणि तो चौदावा झाला. पुण्यात केटीएम म्हणजे जवळजवळ गावची गाडी. छोट्या ड्यूक चाकणला तयार होतात आणि आमचा भाचा आता त्याच पट्ट्यात नोकरीला जातो. त्या रात्री मामा-भाचे पहिल्यांदाच एका बाजूला होते. न पडता, कोणाला न पाडता, कोणाला न घासता माणूस बारा जागा खाली जातो, हे आम्हा दोघांनाही पचलं नाही.

आता सिमॉन्चेलीबद्दल. त्याला वगळून हा विषय पुरा होत नाही.

मार्को सिमॉन्चेली, वाढलेल्या कुरळ्या केसांचा उंच, हसरा पोरगा. 2011 च्या वसंतात अर्धं पॅडॉक त्याच्या नावानं बोटं मोडत होतं. हा कधीतरी कोणाला तरी पाडणार, असं लोरेन्झोनं पोर्तुगालच्या पत्रकार परिषदेत त्याच्या तोंडावर सुनावलं. म्हणजे मला अटक होणार तर, असं म्हणून त्यानं हशा पिकवला. दोनच आठवड्यांनी ले मान्सला त्याची आणि पेद्रोसाची धडक झाली, पेद्रोसाच्या गळपट्टीचं हाड मोडलं आणि सिमॉन्चेलीला पिट लेनमधून जाण्याची शिक्षा झाली. स्पेनमध्ये त्याला धमक्या आल्या, बार्सिलोनाला संरक्षणात वावरावं लागलं. त्याच्यावर बंदी घाला म्हणणाऱ्यांत आमच्यातलेही होते. नियम पाहिजेत, धाक पाहिजे, असल्या पोरांना आवरलं पाहिजे.

23 ऑक्टोबर 2011, पुन्हा सेपांग, दुसरी फेरी, अकरावं वळण. तो घसरला. साधारण लो-साइड, अशा वेळी गाडी आणि स्वार बाहेरच्या बाजूला घसरत जातात आणि गोष्ट संपते. तो गाडीला धरून राहिला. टायरनं पुन्हा पकड घेतली आणि गाडी त्याला घेऊन बाहेर जायच्या ऐवजी आत वळली, थेट मागून येणाऱ्यांच्या वाटेत. कॉलिन एडवर्ड्स आणि रॉसी. एडवर्ड्सला काही करता येण्यासारखं नव्हतं, रॉसीलाही नव्हतं. रॉसी त्याचा जिवलग. दोघांची गावं, तावुलिया आणि कोरियानो, शेजारशेजारची, दोघं एकत्र सराव करायचे. सिमॉन्चेली 24 वर्षांचा होता. शर्यत रद्द झाली.

त्या दिवशी कोणी चौकशीची मागणी केली नाही, कोणी पेनल्टी मागितली नाही. वसंतात त्याला शिव्या घालणाऱ्यांनी त्याच्या 58 आकड्याचे टी-शर्ट घेतले. मिसानोच्या ट्रॅकला आता त्याचं नाव आहे. मला त्या चाहत्यांना दुटप्पी म्हणायचं नाही. घसरलेल्या टायरनं पकड घेतली, एवढंच कारण. त्याला कुठल्या कलमाखाली उभं करायचं? पकड मिळावी म्हणून तर टायर बनवतात.

रॉसी आणि मार्केझही असेच एकदा भांडण विसरले. जून 2016, बार्सिलोना. शुक्रवारच्या सरावात लुईस सालोम गेला. रविवारी रॉसीनं मार्केझला हरवून शर्यत जिंकली आणि सेपांगनंतर पहिल्यांदा दोघांनी हात मिळवला. टिकलं नाही ते. 2018 ला अर्जेंटिनात मार्केझनं रॉसीला पाडलं, तीस सेकंदांची शिक्षा झाली, माफी मागायला गॅरेजपर्यंत आलेल्या मार्केझला दारातूनच परत पाठवलं गेलं. त्याच वर्षी मिसानोला पुढे केलेला हात रॉसीनं घेतला नाही. माणसं जिवंत असली की भांडणं जिवंत राहतात, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटतं.

आता ताजं. 28 सप्टेंबर 2025 ला जपानमध्ये मोतेगीला मार्केझ पुन्हा जगज्जेता झाला: मुख्य वर्गातला सातवा किताब, एकूण नववा. रॉसीचेही तेवढेच. आठवड्याभरानं इंडोनेशियात, मंडालिकाला, पहिल्याच फेरीत मार्को बेझेक्की मागून त्याच्यावर आदळला. दोघंही खडीत. मार्केझचा उजवा खांदा मोडला, मोसम तिथेच संपला. हा बेझेक्की रॉसीच्या अकादमीत तयार झालेला. 2023 मध्ये आपल्याकडे ग्रेटर नोइडाला झालेली शर्यत त्यानंच जिंकली होती. झालं, दहा वर्षांपूर्वीची फाइल पुन्हा उघडली. गुरूचा सूड शिष्यानं घेतला, इथपर्यंत मजल गेली.

भाचा रात्री फोनवर होता. आवाज बसलेला. “मामा, खांदा मोडलाय त्याचा. एका शर्यतीची तरी बंदी हवी.” मी म्हटलं, मोडलेल्या हाडावरून शिक्षा ठरवायची नसते. तीच धडक, तोच वेग, आणि मार्केझ उठून चालत गेला असता तर तू काय मागितलं असतंस? पुढच्याची गती ओळखायला बेझेक्की चुकला, खुन्नस नव्हती. मागे वळून बघणं नव्हतं. स्टुअर्ड्सनी दोन लाँग लॅप दिले. माझ्या मते तेवढेच हवे होते, आणि जागेवर मार्केझ असता, बेझेक्की असता किंवा रॉसी असता तरी तेवढेच हवे होते.

दोन आठवड्यांनी फिलिप आयलंडला बेझेक्कीनं दोन्ही वळसे घेतले आणि तरीही तिसरा आला. भाचा अजून म्हणतो, तीन द्यायला हवे होते.